इजाऱ्याची सनद आणि जामिनाचा कतबा
(नेर-परसोपंताच्या निमित्तानें)

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या मंडळींची एक संवय आम्हांस बरेच दिवस खटकत आली आहे. ज्या कागदावर शिक्का आहे, मोर्तब आहे, माथ्यावर मोठ्या माणसाचें नांव आहे, तो कागद रुमालांत नीट बांधून ठेवला जातो. आणि ज्यावर एखाद्या पाटलाच्या नांवापुढें वेडावांकडा नांगर काढलेला आहे, तो 'किरकोळ' या सदराखालीं पोत्यांत जातो. ही निवड पूर्वीं आम्हींही केलेली आहे, तेव्हां हा दोष दुसऱ्याच्या माथीं मारण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु इजाऱ्याची सनद आणि जामिनाचा कतबा हीं एकाच व्यवहाराचीं दोन अर्धें होत, ही गोष्ट आम्हांस उशिरां कळली. पहिल्या अर्धांत कोणास काय करण्याची मोकळीक मिळाली तें लिहिलेलें असतें. दुसऱ्यांत, तें त्याच्या हातून न झाल्यास नुकसान कोणीं सोसावयाचें, तें लिहिलेलें असतें. पहिलें जपून दुसरें टाकलें म्हणजे ज्यांना परवानगी मिळाली त्यांचा इतिहास शिल्लक राहतो, आणि ज्यांनीं जोखीम उचलली त्यांचा नाहींसा होतो. वऱ्हाडच्या बाबतींत ही हानि विशेष जाणवते. म्हणून नेर-परसोपंत या एका गांवाच्या निमित्तानें हा विषय वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नेर हें यवतमाळ जिल्ह्यांतील सांप्रत तालुक्याचें ठाणें. पूर्वीं तें दारव्हा तालुक्यांत मोडत असे. अमरावतीहून बडनेरा, नांदगांव खंडेश्वर या मार्गानें यवतमाळास जाणाऱ्या रस्त्यावर तें लागतें. अमरावती जिल्ह्यांत मोर्शीकडे नेर-पिंगळाई म्हणून दुसरें गांव आहे. त्याच्याशीं घोटाळा होऊं नये म्हणून यास नेर-परसोपंत म्हणतात. नुसतें 'नेर' असें लिहिलेला कागद हातीं आला तर तो कोणत्या नेराचा, हें आधीं ठरवावें. आसपासच्या गांवांचीं नांवें पाहिलीं म्हणजे तें बहुधा ठरतें. येथील राज्यकर्त्यांचा क्रम वाचकांस ठाऊकच आहे. अकबराच्या वेळच्या वऱ्हाड सुभ्यांतील कळंब व माहूर या सरकारांचा मुलूख आजच्या यवतमाळ जिल्ह्यांत बराचसा येतो. १७२४ सालीं साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजाम-उल्मुल्काचा अंमल बसला, पुढें नागपूरकर भोसल्यांचा हिस्सा लागून मुलुखांत दुअंमल झाला. १८०३ च्या डिसेंबरांत देवगांवचा तह होऊन वर्धा नदीच्या पश्चिमेकडील भोसल्यांचा हक्क गेला, आणि १८५३ सालीं कंटिंजंट फौजेच्या खर्चापायीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिलें. वणी या नांवानें ओळखला जाणारा जिल्हा १९०५ सालीं यवतमाळ झाला. एकाच गांवच्या कुळानें दीडशें वर्षांत इतक्या सरकारांस वसूल दिला, आणि प्रत्येक सरकारानें तो मधल्या माणसाकडून घेतला.

त्या मधल्या माणसास आपल्या भाषेंत नांवें पुष्कळ आहेत: मक्तेदार, इजारदार, गुत्तेदार, ठेकेदार, कंत्राटदार. मक्ता व इजारा हे शब्द मुसलमानी अमलाबरोबर अरबी-फार्सींतून आले, गुत्ता दक्षिणेकडचा, तेलंगी-कानडी मुलुखांतून निजामशाहींत पसरलेला, ठेका उत्तरेकडील, आणि कंत्राट पोर्तुगीजांकडून किनाऱ्यावर उतरलेला. अंमल बदलला कीं शब्द बदलला. व्यवहार मात्र तोच. सरकारास रोकड आधीं पाहिजे आणि कामाची दगदग नको, म्हणून अमुक मुदतीकरितां, अमुक रकमेस, अमुक काम अगर अमुक गांवचा वसूल एकास लावून द्यावयाचा. जकातीचें नाकें, दारूची भट्टी, नदीवरील उतार, बाजारची बैठक, टांकसाळ, ओसाड गांवची वसाहत हीं सर्व अशींच दिलीं जात. न्या. महादेव गोविंद रानडे यांनीं पेशवे दप्तराच्या आधारें मराठ्यांच्या टांकसाळींवर जो निबंध लिहिला आहे, त्यांत नागोठणें-रेवदंडा बाजूस १७४४ च्या सुमारास खाजगी माणसांस ठराविक मुदतीनें टांकसाळ घालण्याचे परवाने दिल्याची हकीकत आहे. राजाचें नाणें पाडण्याचें कामसुद्धां जेथें परवान्यानें दिलें जाई, तेथें इतर धंद्यांची कथा काय सांगावी?

असा व्यवहार पुरा होण्यास निदान तीन कागद लागत. सरकारानें इजारदारास द्यावयाचा कौल अगर सनद, इजारदारानें सरकारास लिहून द्यावयाची कबुलायत, आणि इजारदाराच्या वतीनें तिसऱ्यानें लिहून द्यावयाचा जामीनकतबा. कौलांत मुदत, रक्कम आणि इस्तावा, म्हणजे दरसाल चढत जाणारा आंकडा, हीं येत. कबुलायतींत त्याच गोष्टी उलट बाजूनें, किस्तबंदीसह. कतब्यांत मात्र नवें माणूस उभें राहतें. अमुक असामीस सरकारांतून अमुक मामला सांगितला आहे, त्यास आपण जामीन असों. त्यानें किस्तीस पैका न भरला तर आपण उजूर न करितां घरचा भरूं, अशा आशयाचा तो मजकूर. शेवटीं मिती, साक्षी आणि निशाणी.

हे तीन कागद तीन ठिकाणीं राहिले, आणि त्यांचें नशीबही निरनिराळें झालें. कौल इजारदाराच्या घरीं गेला. त्याच्या वंशजांस तो प्रतिष्ठेचा, म्हणून टिकला. कबुलायत व कतबा हे घेणाऱ्याकडे, म्हणजे कमाविसदाराच्या किंवा देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरीं राहिले. रक्कम फिटली कीं कतबा फाडून टाकावा किंवा जामिनास परत द्यावा, हा रिवाजच. तेव्हां जो कतबा आज पुरा शाबूत सांपडतो, तो पुष्कळदां न फिटलेल्या व्यवहाराचा असतो. हें एक अनुमान संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. फाडलेला, आडव्या रेघा ओढलेला किंवा पाठीवर पावती लिहिलेला कतबा सुस्थितींतल्या कतब्यापेक्षां अधिक बोलका, कारण त्यावरून व्यवहाराचा शेवट कळतो. विक्रेते असा कागद फाटका म्हणून स्वस्त देतात, आणि आपण तो फाटका म्हणून घेत नाहीं!

जामीनही एक प्रकारचा नव्हे. माणूस वेळेवर हजर करण्याचा तो हाजीरजामीन. पैक्याचा तो मालजामीन. आणि वर्तणुकीचा तो फेलजामीन. हीं नांवें फार्सी वळणाचीं, म्हणून ही पद्धति मुसलमानी अमलांत आली असें कित्येक समजतात. तें बरोबर नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत प्रतिभू, म्हणजे जामीन, तीन कामांकरितां सांगितला आहे: दर्शन, प्रत्यय आणि दान. दर्शन म्हणजे हजर करणें, प्रत्यय म्हणजे विश्वास देणें, दान म्हणजे ऋण फेडणें. तीन नांवें तीन नांवांशीं जुळतात. फक्त वेष बदलला आहे. शिवाय त्याच स्मृतींत असा भेद केला आहे कीं, दर्शनाचा किंवा प्रत्ययाचा जामीन मेला तर त्याच्या पुत्रांवर बोजा नाहीं, परंतु दानाच्या जामिनाच्या पुत्रांनीं द्यावें. विज्ञानेश्वरानें कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास राहून यावर टीका लिहिली, आणि ती मिताक्षरा आमच्या इकडे न्यायनिवाड्यास प्रमाण मानली जात असे. म्हणून कतबा वाचतांना जामीन कोणत्या जातीचा, हें पहिल्यानें पाहावें. हाजीरजामिनाचा कतबा असेल तर तो एका माणसापुरता. मालजामिनाचा असेल तर त्यांत एका घराण्याची पुढची पिढीही अडकलेली असूं शकते. एखाद्या वतनदाराची जमीन सावकाराकडे कशी गेली, याचें उत्तर खरेदीखतांत शोधून सांपडत नाहीं. तें आजानें दुसऱ्याच्या इजाऱ्यास दिलेल्या जामिनांत असण्याचा संभव असतो.

एका जामिनानें भागत नसे तेव्हां जामिनास जामीन घेत. पुष्कळ असामींनीं एकमेकांचे जामीन राहावें, तो साखळीजामीन. गांवोगांवच्या पाटलांकडून तसा लेख घेतला म्हणजे सरकारचें नुकसान एकाच्या अंगावर न पडतां सर्वांत वांटलें जाई. आजचे विमेवाले जें काम पुष्कळांच्या हप्त्यांतून करितात, तें साखळीजामिनांत हप्त्यावांचून होत असे. फरक एवढाच, कीं येथें भरणारे एकमेकांस तोंडानें ओळखत, आणि ज्याच्याकरितां भरावें लागलें त्यास उद्यां बाजारांत गांठून विचारूं शकत. इंग्रजी अमलाच्या आरंभीं एल्फिन्स्टननें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखावर १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत चोरीचा माग ज्या गांवच्या हद्दींत थांबेल त्या गांवानें चोर द्यावा किंवा माल भरून द्यावा, ही चाल नमूद आहे. तीही याच जातीची.

निशाणीविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा, बाईची बांगडी: लिहितां न येणाऱ्याची ही सही. सनदेंत हीं माणसें येत नाहींत. कतब्यांत येतात, कारण त्यांची पत सरकारास लागली. कोणत्या सालीं कोणत्या धंद्याच्या माणसाची जामिनकी सरकारनें पुरेशी मानली, हें मांडून पाहिल्यास गांवांतील पैका कोणाच्या हातीं होता आणि तो केव्हां सरकला, याचा जसा पत्ता लागेल तसा कोणत्याही बखरींतून लागणार नाहीं. आरंभीं जामीन पाटील-देशमुख असतात. पुढें त्यांच्या जागीं बाहेरगांवचा साहुकार दिसूं लागला तर गांवची पत गांवाबाहेर गेली, असें समजावें.

आतां मालाच्या वाहतुकीकडे वळूं, कारण जामिनकीची दुसरी शाखा तेथें फुटली. वऱ्हाडचा कापूस आगगाडीपूर्वीं बैलांच्या पाठीवरून गंगाकाठीं मिर्झापुरापर्यंत जात असे. यवतमाळ-दारव्हा बाजूस लमाण-बंजाऱ्यांची वस्ती दाट. त्यांचे तांडे हा माल व धान्य-मीठ वाहत. वाटेंत नाकीं अनेक, नद्या अनेक, चोर अनेक. म्हणून माल धाडणारा व्यापारी एकाशींच ठराव करी: भाडें, जकात, वाटेचा वोळावा, सर्व मिळून एक रक्कम. हें हुंडाभाडें, आणि तें पत्करणारा तो हुंडेकरी. हें आडनांव आपल्याकडे अजून आहे. तें धारण करणाऱ्या घरांतून जुन्या वह्या मिळाल्यास त्या हिशेबी म्हणून टाकूं नयेत. मालाची जोखीम वेगळी विकत घेण्याची चाल तर त्याहून जुनी. सुजनराय भंडारी यानें १६९५-९६ च्या सुमारास लिहिलेल्या 'खुलासतुत्तवारीख' या फार्सी ग्रंथांत सराफ लोक मालाची हमी घेत व तीस विमा म्हणत, असें वर्णन आहे. 'विमा' हा शब्द विलायती कंपन्यांबरोबर आला असें पुष्कळांस वाटतें. लंडनच्या कोठ्यांनीं हिंदुस्थानांत दुकानें मांडण्यापूर्वींच तो आमच्या सराफकट्ट्यावर रुळला होता. समुद्रांतून जाणाऱ्या मालावरील जोखमी हुंडीचाही हाच प्रकार: माल बंदरीं पोंचला तर पैसे द्यावयाचे, बुडाला तर हुंडीही बुडाली.

येथपर्यंत जें सांगितलें त्यांत परवाना आणि हमी हीं एकमेकांस बांधलेलीं होतीं. परवाना पाहिजे तर जामीन आण, असा सरकारचा सवाल असे. हा क्रम एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत निजामाच्या मुलुखांत उलटा झाला, आणि वऱ्हाडच्या दुर्दशेचें मूळ आमच्या मतें त्यांत आहे. जामीन इजारदाराकडून घ्यावयाचा, तर इजारदारच सरकारचा धनको होऊन बसला. ज्याचें आपण देणें लागतों त्यास जामीन कसा मागावा?

ही उलटापालट केवळ निजामाच्या मुलुखांतच झाली असें नाहीं. बडोद्यास गायकवाडांच्या राज्यांत सरकारच्या वचनावर कोणाचा विश्वास उरला नव्हता. अरब जमादारांनीं हात धरल्याखेरीज, म्हणजे 'बांहेधरी' दिल्याखेरीज, साहुकार पैसे सोडीत नसत. १८०२ नंतर अरबांस काढून त्यांच्या जागीं इंग्रज स्वतः जामीन झाले, आणि त्या जामिनकीच्या वाटेनें बडोद्याच्या कारभारांत शिरले. जामीन राहणें हा राज्य करण्याचा एक मार्ग होऊं शकतो, हें तेथें दिसलें.

हैदराबादेस १८०६ पासून १८४३ पर्यंत कारभार राजा चंदुलालाच्या हातीं होता. फौजेचा पगार थकलेला, खजिना रिकामा. विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी पगाराची भरणा करी आणि मोबदला म्हणून वसूल लावून घेई. वऱ्हाडचा वसूल त्यांत होता. युरोपीय माणसानें देशी राजास कर्ज देऊं नये असा पार्लमेंटचा निर्बंध असल्यामुळें या पेढीस परवाना लागत होता, व तो गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याच्या सरकारनें १८१६ सालीं दिला. व्याज शेंकडा चोवीस-पंचवीसपर्यंत चढलें. परवाना होता, हमी कोणाचीच नव्हती. परंतु ज्या लोकांनीं पेढींत ठेवी ठेविल्या त्यांनीं परवान्यासच हमी मानलें, आणि पेढीनेंही तो समज मोडण्याची तसदी घेतली नाहीं. १८२० च्या अखेरीस आलेला रेसिडेंट मेटकाफ यानें हें प्रकरण उकरून काढलें. उत्तर सरकारच्या मुलुखाबद्दल कंपनी सरकार निजामास दरसाल सात लाख पेशकश देत असे. तिचें एकमुठीनें मोल देऊन त्यांतून पेढीचें देणें वारण्यांत आलें, आणि १८२४ सालीं पेढी बसली. ज्या कुळांच्या वसुलावर हा सर्व डोलारा उभा होता त्यांचें नांव या प्रकरणाच्या छापील कागदपत्रांत, आणि तीं पुष्कळ आहेत, क्वचितच येतें.

पामरनंतर पुरणमल, पुरणमलानंतर मुंबईकडील पारशी व्यापारी विकाजी व पेस्तनजी मेहेरजी. पेस्तनजीची गोष्ट आम्हांस नेहमीं दुहेरी वाटत आली आहे. १८२५-२६ सालीं वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर पहिल्यानें मुंबईस याच पेढीनें नेला. मिर्झापूरची वाट सोडून माल पश्चिमेकडे वळविला, आणि वऱ्हाडच्या पुढील भरभराटीचा पाया घातला. औरंगाबादेस त्यांच्या नांवाचा पेस्तनशाही रुपयाही पडला. परवाना हातीं आलेला मनुष्य किती करूं शकतो, याचा हा नमुना. पण त्याच पेढीनें सरकारास दिलेल्या रकमांच्या फेडीकरितां वऱ्हाडांतील तालुके आपल्याकडे लावून घेतले, आणि चंदुलाल १८४३ त कारभारावरून गेल्यावर १८४५ सालीं तिला तेथून बळानें हुसकावून लावण्यांत आलें. पुढें पेढीनें इंग्रजांकडे दाद मागितली ती लागली नाहीं. पेढीजवळ सनदा होत्या. सनद देणाऱ्याचा जामीन नव्हता. तिकडे कुळापाशीं तर कांहींच नव्हतें. इजारदार मुदतीच्या आधीं उठणार हें त्यास ठाऊक, म्हणून तो एका वर्षांत तीन वर्षांचा वसूल ओरपणार; कुळास पळून जाण्याखेरीज दुसरी तोड नाहीं. ओसाड गांवें पडलीं तीं अशीं. या काळांतील दप्तरें इजारदारांच्या गुमास्त्यांबरोबर गेलीं असावींत, म्हणून पेढ्यांच्या वारसांकडे शोध करणें हें देशमुखांच्या वाड्यांइतकेंच अगत्याचें आहे.

१८५३ नंतर रयतवारी बसली, आणि वसुलाचा इजारा मोडला. मात्र ओसाड गांवें वसविण्याकरितां १८६५ च्या पडीत जमिनीच्या नियमांन्वये गांवेंच्या गांवें पट्ट्यानें देण्यांत आलीं, आणि यवतमाळकडे इजाऱ्याचीं गांवें हा प्रकार पुढेंही राहिला. १८६७ सालीं आगगाडी बडनेऱ्यावरून नागपुरास पोंचली. कापसाचा व्यापार फुगला आणि मधल्या माणसांची नवी जात तयार झाली: अडते, दलाल, मापारी. नेराच्या पश्चिमेस सुमारें बारा कोसांवर कारंजें आहे. तेथें १८८६ सालीं हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमानें कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि हिंदुस्थानांतील अशा बाजारांपैकीं तो पहिला गणला जातो. पाठोपाठ १८९७ सालीं वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला. या विषयावरचा या देशांतील पहिला कायदा हाच. त्यान्वये बाजारांतील अडते, दलाल व मापारी यांस परवाना सक्तीचा झाला. जाहीर केलेल्या बाजारापासून पांच मैलांच्या आंत बिनपरवाना बाजार भरविण्यास मनाई झाली. आणि देखरेखीस समिति नेमण्याचें ठरलें.

कायदा चांगला होता, हें आधीं कबूल केलें पाहिजे. रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरविणें, मापांत मारणें, धर्मादायाच्या नांवानें कापणें, या गोष्टींस प्रथम कोठें तरी आळा बसला. पुढें शेतकीवरील रॉयल कमिशननें १९२८ च्या अहवालांत इतर प्रांतांनीं असे नियंत्रित बाजार काढावे अशी शिफारस केली, तेव्हां वऱ्हाडचा दाखला त्याच्या समोर होता. पण जुन्या कतब्यांची संवय झालेल्या डोळ्यांस त्यांत एक उणीव लगेच दिसते. परवाना देणारी समिति परवानेवाल्या व्यापाऱ्यांतूनच नेमावयाची. कापूस घेऊन येणाऱ्या कास्तकारास तींत स्थान नव्हतें. मोकळीक लिहिली गेली, तीबद्दल फी घेतली गेली. मात्र अडत्यानें पैसे बुडविल्यास कास्तकारास कोणीं भरून द्यावयाचे, याचा जामीन घेण्याचें कोणास सुचलें नाहीं. कौल राहिला, कतबा गळाला. शिवाय पांच मैलांची हद्द कारंज्याची. बारा कोसांवरच्या नेराच्या आठवडी बाजारास तिचा उपयोग तो काय? कारंजें, दारव्हा, यवतमाळ यांस जोडणारी अरुंद रुळांची आगगाडीही नेरास बाजूस ठेवूनच गेली.

मुंबई इलाख्याच्या १९२७ च्या कापूस बाजार कायद्यानें कास्तकारास समितींत जागा दिली. महाराष्ट्र राज्याच्या १९६३ च्या कृषि उत्पन्न बाजार कायद्यानें परवाना देतांना व्यापाऱ्याकडून रोख तारण अगर बँकेची हमी घेण्याची तरतूद केली. म्हणजे कारंज्याचा बाजार भरल्यापासून पाऊणशें वर्षांनीं मालजामीन बँकेच्या कागदावर पुन्हां दिसला. बांधकामाच्या ठेक्यांतही तसेंच झालें. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या बाराव्या कलमानें ठेकेदाराच्या मजुरास इजा झाल्यास मूळ मालकानें भरपाई द्यावी आणि ती ठेकेदाराकडून वसूल करावी, असें ठरविलें. १९७० च्या ठेका मजूर कायद्यानें वीस किंवा अधिक मजूर लावणाऱ्या ठेकेदारास परवाना सक्तीचा केला, नियमांत दर मजुरामागें अनामत घातली, आणि त्यानें मजुरी बुडविल्यास मूळ मालकानें ती चुकती करावी असा निर्बंध केला. जामीन, आणि जामिनावर त्याचा परत हक्क: जामीनकतब्याचा सांगाडा हाच. तो कायदाही पुढें २०२० च्या श्रमसंहितेंत सामावला. फरक पाहावयाचा तर जुन्या कतब्यांत हमी सरकारच्या पैक्याची असे. या कायद्यांत ती मजुराच्या हातापायांची व मजुरीची झाली. हा फरक लहान नव्हे, आणि जुन्या काळाचें गुणगान करणाऱ्यांनीं तो विसरूं नये.

आतां संग्राहकांस कांहीं व्यवहाराच्या सूचना. वऱ्हाडच्या कागदांवर बहुधा फसली सन असतो. त्यांत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. शुहूर सन असल्यास ५९९ किंवा ६०० मिळवावे. दोहोंचा घोटाळा झाला तर कागद दहा वर्षें मागें-पुढें सरकतो, आणि १८४५ च्या आसपासच्या कागदांत दहा वर्षांत तीन इजारदार होऊन जातात. एकत्र बांधलेला गठ्ठा सुटा करून विषयवार लावूं नये. कौल, कबुलायत व कतबा एका दोऱ्यांत असतील तर तो दोराच पुरावा होय. पाठीवरच्या पावत्या, निशाण्या व फाडल्याच्या खुणा यांची नोंद मजकुराइतक्याच काळजीनें घ्यावी. मोडी वाचणाऱ्यानें नकलेंत "निशाणी" एवढेंच न लिहितां ती नांगराची कीं तराजूची, हें लिहावें.

नेर, दारव्हा, दिग्रस, कारंजें या पट्ट्यांतील ज्या घरीं पूर्वीं अडत, हुंडेकरी अगर इजाऱ्याचा धंदा होता, त्यांच्या माळ्यावरील पेट्या पावसाळ्यापूर्वीं एकदां उतरवून पाहाव्या. सनद सांपडली तर तिची नक्कल धाडावी; पण त्याच पेटीच्या तळाशीं बिनशिक्क्याचे, तेलकट झालेले कागद असल्यास ते आम्हांस अस्सलच पाहावयास द्यावे, दोरा न सोडतां.